रोजच्या ये-जासाठी छोटी स्पोर्ट बाइक: खिशाला परवडेल आणि अंगालाही झेपेल अशी कोणती?

पहाटपाळी

नमस्कार मंडळी. गेली सहा वर्षं ११० सीसीची स्कूटर चालवतेय. कामाचं ठिकाण घरापासून २३ किलोमीटर. पहाटे पाचला निघते तेव्हा रस्ता मोकळा असतो. दुपारी दोनला परत निघाले की पहिले नऊ-दहा किलोमीटर गर्दीत सरपटत यावं लागतं, मग पुन्हा मोकळा रस्ता. आठवड्यातून सहा दिवस हेच.

फेअरिंगवाल्या, म्हणजे पुढे आणि बाजूंना वारा अडवणारं प्लास्टिकचं आवरण असलेल्या गाडीचं वेड शाळेपासून आहे. आता चार पैसे बाजूला पडलेत, पण मोठी गाडी घेण्याइतके नाहीत आणि ती मला नकोही आहे. डोक्यात आहेत त्या अशा: यामाहा आर१५, सुझुकी जिक्सर एसएफ २५०, यामाहा आर३, कावासाकी निंजा ३०० किंवा ४००, केटीएम आरसी ३९०. पहिल्या दोन नव्या घेता येतील, बाकीच्या सेकंड हँडच.

माझी उंची १५८ सेंटिमीटर आहे. गिअरची गाडी चालवता येते, पण सवय मोडलीय. रोज वापरणाऱ्यांनी अनुभव सांगावेत. रविवारी फिरायला काढणाऱ्यांचंही ऐकेन, पण माझी गरज रोजची आहे.

रानवारा

आरसी ३९०. दुसरं काही बघूच नका. ३७३ सीसीचं सिंगल सिलिंडर, ४३ पीएसच्या (हॉर्सपॉवरच्या) आसपास ताकद, आणि गाडी वळणात अशी झुकते की मन भरून येतं. मी चार वर्षं चालवतोय. पहाटेचा मोकळा रस्ता तुमच्या वाट्याला आलाय, त्याचं सोनं करा.

चेनस्प्रॉकेट

ताई, गाडीचं नाव घेण्याआधी एक मोजमाप करा. भिंतीला पाठ लावून, बूट घालून उभ्या राहा. एक जाड पुस्तक मांड्यांमध्ये वर सरकवा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर घ्या. उंचीपेक्षा हा आकडा कामाचा.

मग सीटची उंची बघा. आर३ ची ७८० मिलिमीटर, निंजा ३०० आणि ४०० दोन्हींची ७८५, जिक्सर एसएफ २५० ची ८००, आर१५ च्या चौथ्या आवृत्तीची ८१५, आणि २०२२ पासूनच्या आरसी ३९० ची ८२४. सगळ्यात छोट्या इंजिनची आर१५ सीटला मात्र आर३ पेक्षा साडेतीन सेंटिमीटर उंच आहे. इंजिन छोटं म्हणजे गाडी ठेंगणी असं गृहीत धरून अनेक जण फसतात.

आकडाही सगळं सांगत नाही. सीट पुढे टाकीजवळ निमुळती असेल तर पाय सरळ खाली जातात, रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि टाच आणखी वर राहते. शिवाय बसल्यावर शॉकअ‍ॅब्सॉर्बर थोडा दबतो. म्हणून शोरूममध्ये बसूनच बघा.

मी वीस वर्षं गॅरेज चालवतो. गर्दीत गाड्या आडव्या होतात त्या वेगामुळे कमी आणि थांबताना पाय नीट न टेकल्यामुळे जास्त, हे माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या गाड्यांवरून सांगतो.

तिसरा_गिअर

मी रोज ३१ किलोमीटर एका बाजूला जातो. पाच वर्षांत अशा दोन गाड्या झाल्या. माझं म्हणणं एवढंच, की पिकअप आणि टॉप स्पीड सध्या बाजूला ठेवा. तुमच्या प्रवासातला सगळ्यात वाईट अर्धा तास कोणता? दुपारी दोनचा. गाडी त्या अर्ध्या तासासाठी निवडा. पहाटेच्या रस्त्यावर यातली कुठलीही मजाच देईल.

त्या अर्ध्या तासात तुम्ही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये असता, हाफ क्लचवर, इंजिन तीन-चार हजार आरपीएमला (मिनिटाला फेऱ्यांना). आर१५ चा जास्तीत जास्त टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवणारा जोर, १४.२ न्यूटनमीटर, तो ७,५०० आरपीएमला मिळतो. तिच्यात व्हीव्हीए आहे, म्हणजे साधारण ७,४०० च्या पुढे इन्टेक व्हॉल्व्ह (हवा-पेट्रोल आत घेणारी झडप) जास्त उघडणारा दुसरा कॅम कामाला लागतो. त्यामुळे खालचा भाग अगदी मेलेला नाही, पण १५५ सीसी ते १५५ सीसीच. जिक्सर २५० चे २२.२ न्यूटनमीटर ७,३०० ला येतात. आर३ चे २९.६, पण ते थेट ९,००० ला. म्हणून कागदावर आर३ बरीच पुढे दिसली तरी गर्दीत सिग्नल सुटल्यावर पहिल्या पन्नास मीटरमध्ये जिक्सर कमी वाटत नाही. सिंगल सिलिंडर खालून ढकलतं, ट्विन, म्हणजे आर३ सारखं दोन सिलिंडरचं इंजिन, वर फिरवल्यावर उमलतं.

उलट मोकळ्या रस्त्यावर ८०-९० ला तासभर चालवायची असेल तर ट्विनची गुळगुळीत चाल हातांना कळते. सिंगलचा कंप हँडल आणि फूटपेगमधून येत राहतो. तुमचा मोकळा पट्टा १३ किलोमीटरचा आहे, तेवढ्यात कंपाने हात बधिर होणार नाहीत.

मनगट

हातांचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि स्वतः गेली सात वर्षं क्लिप-ऑन हँडलची (एका सलग दांड्याऐवजी दोन बाजूंना वेगवेगळ्या मुठी असलेली) गाडी चालवतेय. यावर जरा सविस्तर बोलायला हवं, कारण गाडी विकायला निघालेल्या निम्म्या लोकांचं खरं कारण हेच असतं.

स्पोर्ट बाइकवर वरचं अंग पुढे झुकलेलं असतं. वेगात असताना समोरचा वारा छातीला आधार देतो आणि मनगटांवरचा भार हलका होतो. गर्दीत वारा नाही, म्हणजे तो सगळा भार तळहातांवर. त्यात क्लच सतत दाबायचा. तळहाताच्या मुळाशी नस दबते, करंगळी-अनामिका किंवा अंगठ्याकडची बोटं मुंग्या आल्यासारखी होतात. लोक म्हणतात सवय होईल. सवय होते ती बसण्याच्या पद्धतीची. ती चुकीची असेल तर त्रास वाढतच जातो.

टेस्ट राइडला जाण्याआधी ही परीक्षा करा. गाडी मागच्या चाकाच्या स्टँडवर लावलेली असेल, किंवा कुणी धरून उभं असेल, तेव्हा तुमच्या नेहमीच्या झुकलेल्या स्थितीत बसा. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा. आता दोन्ही तळहात हँडलपासून एक बोटभर उचला आणि वीसपर्यंत मोजा. पाठ आणि पोट तुम्हाला तोलून धरू शकले तर त्या गाडीशी तुमचं जमेल. दहाच्या आत हात परत खाली आले तर हँडल तुमच्यासाठी फार खाली आहे, किंवा टाकी इतकी लांब आहे की तुम्ही ताणल्या जाताय. कमी उंचीच्या माणसाला ही दुसरी अडचण जास्त येते आणि ती कुणी बोलत नाही.

क्लिप-ऑन वरच्या क्लॅम्पच्या, म्हणजे पुढच्या दोन शॉकच्या नळ्या धरणाऱ्या पट्टीच्या, वर बसवलेत की खाली, तेही बघा. वर असतील तर रोजच्या वापराला गाडी बरीच माणसाळलेली असते.

पहाटपाळी

मनगटताई, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी दिवसभर हातांनीच काम करते, बोटं बधिर झाली तर मला चालणारच नाही. मोजमाप केलं. बुटांसकट ७४ सेंटिमीटर. आरसी ३९० यादीतून काढू का?

रानवारा

७४ म्हटल्यावर मीही आग्रह धरणार नाही. ८२४ च्या सीटवर एका पायाच्या बोटांवर उभं राहायला शिकता येतं, मी पाहिलंय, पण गर्दीत दिवसाला पन्नास वेळा ते करणं वेगळं. माझी उंची १७९ आहे, त्यामुळे हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. माझा पहिला सल्ला मागे घेतो.

निळं_हेल्मेट

फेअरिंग हवीच का? आर३ चंच इंजिन एमटी-०३ मध्ये आहे, निंजा ४०० चंच झेड४०० मध्ये. हँडल उंच, बसणं सरळ. गाडी जागेवर आडवी झाली तर मोडायला प्लास्टिकही कमी. परवडण्याचा विचार करताय तर हा मुद्दा मोठा आहे. एका बाजूची फेअरिंग आणि तिच्या आतल्या खुंट्या तुटल्या की भाग महाग आणि मजुरीही जास्त, कारण साधं काम करायलाही आधी ते सगळं उतरवावं लागतं.

पहाटपाळी

फेअरिंग हवीच आहे, आणि नुसत्या दिसण्यासाठी नाही. पहाटे पाचला उघड्या रस्त्यावर छातीवर येणारा वारा सहा वर्षं सोसलाय. पावसात गुडघ्यांवर थेट पाणी येतं. मैत्रिणीच्या गाडीवर एकदा फेअरिंगमागे बसून गेले तेव्हा पोहोचल्यावर अंग थरथरत नव्हतं, हे माझ्या पक्कं लक्षात राहिलंय.

चेनस्प्रॉकेट

कारण बरोबर आहे. मग फेअरिंग ठेवा आणि पहिल्याच दिवशी चांगले फ्रेम स्लाइडर, म्हणजे गाडी आडवी झाली तर आधी जमिनीला टेकणारे गुटके, लावून घ्या. फ्रेमला किंवा इंजिनच्या बोल्टला पक्के बसणारे घ्या, नुसते प्लास्टिकवर चिकटणारे नकोत.

आता खर्चाचं. गाडीची किंमत एकदाच देता, पुढचं दर महिन्याला. टायर: स्पोर्ट टायरचं रबर मऊ, पकड छान, पण रोजच्या सरळ रस्त्यावर मधला पट्टा लवकर सपाट होतो. पुढच्या वेळी स्पोर्ट-टूरिंग टायर टाका, ते जास्त चालतात आणि ओल्यातही भरवशाचे असतात. चेन: स्कूटरला ही भानगड नव्हती. दर ५०० ते ७०० किलोमीटरला साफ करून तेल द्यायचं, आणि पावसात भिजली की त्याच दिवशी. तुमचं दिवसाला ४६ किलोमीटर होतं, म्हणजे दर दोन आठवड्यांनी. हे केलं तर चेन सेट दुप्पट टिकताना मी पाहिलेत. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, दोन वर्षांनी बदलायचंच. कूलंटही कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे.

पेट्रोल: आर१५ लिटरला चाळीसच्या पुढे सहज जाते, ३०० ते ४०० चे ट्विन पंचवीस ते तीस. टाकीही बघा. आर१५ ची ११ लिटर, आर३ आणि निंजा ४०० ची १४, निंजा ३०० ची १७. जुन्या आरसी ३९० ची दहाच्या आत-बाहेर होती, नव्या मॉडेलमध्ये ती १३.७ केली.

तिसरा_गिअर

इन्शुरन्स विसरू नका. बऱ्याच ठिकाणी सीसीवरून हप्ता बदलतो, आणि फुल फेअरिंगच्या गाडीला वेगळा दर लागू शकतो. गाडी ठरवायच्या आधी प्रत्येकीचा आकडा काढून ठेवा.

आणि गरमपणा. माझी पहिली गाडी, नाव घेत नाही, तीनशेच्या वरचं सिंगल होतं. गर्दीत रेडिएटरचा पंखा सुरू झाला की उजव्या मांडीवर भट्टीचं तोंड उघडल्यासारखं व्हायचं. जाड पँट घालूनही त्वचा लाल व्हायची. मी गाडी घेताना सकाळी रिकाम्या रस्त्यावर टेस्ट राइड घेतली होती, ती माझी चूक. तुम्ही दुपारी घ्या, इंजिन पूर्ण तापलेलं असताना, आणि पाच मिनिटं एका जागी उभी चालू ठेवून बघा. पंखा लागू द्या. हवा पायावर येते की खाली निघून जाते ते तेव्हाच कळेल.

निळं_हेल्मेट

एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावरही चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, नसलेली घेऊ नका, स्वस्त मिळाली तरीही. पुढचं चाक जाम होऊन घसरलं की गाडी सावरायला अर्धा सेकंदही मिळत नाही, आणि पहाटे पाचला रस्ता दवाने ओला असतो. जुन्या मॉडेल्समध्ये एबीएस पर्याय म्हणून असायचं, म्हणून एकाच वर्षाच्या दोन गाड्यांपैकी एकीत असेल, दुसरीत नसेल. पुढच्या चाकाजवळ डिस्कच्या आत छोटी भोकांची चकती दिसते का बघा. चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि थोडं पुढे गेल्यावर विझला पाहिजे. लागलाच नाही तर कुणीतरी तो दिवाच बंद करून ठेवलाय असा संशय घ्या.

पहाटपाळी

दोन गाड्यांवर बसून आले. आर१५ वर दोन्ही पायांच्या जेमतेम अंगठ्यांची टोकं टेकली. गाडी हलकी, १४२ किलो, त्यामुळे भीती वाटली नाही, पण हात उचलायची परीक्षा आठपर्यंतच जमली. जिक्सर एसएफ २५० वर अंगठे आणि थोडा चवडा, हात वीसच्या पुढे सहज. ही फारच आवडली. हँडल वर आहे, इंजिन खालून ओढतं. आर३ अजून मिळाली नाही.

एक विचारू का? सगळे म्हणतात पहिली मोठी गाडी म्हणून ४०० जास्त होईल. खरंच?

तिसरा_गिअर

निंजा ४०० चालवलीय. ३८ न्यूटनमीटर ८,००० ला, वजन १६८ किलो, आर३ इतकंच. क्लच असिस्ट-स्लिपर, म्हणजे हलका दाबला जाणारा, आहे, दोन बोटांनी दाबला जातो, गर्दीत याचं मोल फार. थ्रॉटल अंगावर येत नाही. जास्त होईल असं मला वाटत नाही. सेकंड हँडमध्ये मात्र तिची मागणी जास्त आणि किंमत लवकर उतरत नाही, परवडण्याच्या दृष्टीने हीच अडचण.

जाता जाता: युरोपात मधल्या ताकदीच्या दुचाकींच्या ए२ परवान्याला ३५ किलोवॅटची मर्यादा आहे, म्हणजे साधारण ४७ पीएस. एप्रिलिया आरएस ४५७ नेमकी त्या रेषेवर आहे, निंजा ४०० आणि ५०० तिच्या जवळपास. नव्या चालकाला झेपेल अशी ताकद म्हणून ती रेषा आखलीय, त्यामुळे ४०० ला घाबरायचं कारण नाही.

चेनस्प्रॉकेट

आर३ शोधत असाल तर वर्ष बघून घ्या. ती २०१५ ला आली. २०१९ च्या मॉडेलमध्ये पुढचे फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या शॉकच्या दोन नळ्या) उलटे झाले आणि हँडल २२ मिलिमीटर खाली गेलं. नवी दिसायला देखणी आहे, पण तुमच्या मनगटांसाठी २०१५ ते २०१८ मधली बरी. ती जुनी असल्याने स्वस्तही पडेल.

सेकंड हँड बघायला जाताना मालकाला आधीच सांगा, इंजिन थंड ठेवा. गेल्यावर इंजिनला हात लावा. गरम असेल तर थंड स्टार्टची खोड लपवली असू शकते, दुसऱ्या दिवशी या.

मग हँडल पूर्ण डावी-उजवीकडे वळवा आणि ते जिथे अडतं तो फ्रेमवरचा स्टॉपर बघा. चेपला असेल किंवा रंग उडाला असेल तर गाडी जोरात आपटलीय. नवीन फेअरिंग लावून सगळं झाकता येतं, स्टॉपर कुणी रंगवत नाही. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. मधोमध खटका लागला तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) गेलाय. फोर्कच्या चकचकीत नळीवर बोट फिरवा, तेल लागलं तर सील गेलं. मागच्या स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चकतीच्या) अगदी मागच्या बाजूला चेन पकडून ओढा, दात अर्धे उघडे दिसले तर चेन सेट संपला. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती मोजून बघा. टायरच्या कडेला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गाडी कमी चाललीय म्हणून टायर नवा दिसतो, पण रबर जुनं झालं की पकड जाते.

बोल्टच्या डोक्यांना बारीक भोकं दिसली, विशेषतः ऑइल ड्रेन बोल्टला, तर गाडी ट्रॅकवर पळवलीय. तिथे तार बांधायला ती भोकं पाडतात. अशी गाडी वाईटच असते असं नाही, पण तुम्हाला नको.

चासी नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा, एखाद्या रिकॉलचं (कंपनीने स्वतः जाहीर केलेल्या दोषाच्या दुरुस्तीचं) काम राहिलंय का. जुन्या मालकाने ते करून घेतलं नसेल तरी बहुतेक वेळा ते फुकट होतं.

मनगट

आणि पाठीवर बॅग घेऊन चालवू नका. तिचं वजन खांद्यांवरून थेट तळहातांवर येतं. मागच्या सीटवर टेल बॅग बांधा. डबा, एप्रन, पावसाळी कपडे सगळं मावतं.

पहाटपाळी

मंडळी, पाच आठवड्यांनी परत आले. २०१७ ची आर३ घेतली, एबीएसवाली. जिक्सर आणि ही, दोघींत मन शेवटपर्यंत अडकलं होतं. नवी गाडी, वॉरंटी, कमी पेट्रोल, सगळं जिक्सरच्या बाजूने होतं आणि मी तीच घेणार होते. पण आर३ वर बसले आणि दोन्ही पायांचे चवडे जमिनीला लागले. स्कूटर सोडल्यापासून पहिल्यांदा, थांबल्यावर पोटात गोळा आला नाही. हात वीसपर्यंत उचलले, पंचवीसपर्यंत गेले. दुपारी दोनला गर्दीत घेऊन गेले, पंखा लागला, गरम हवा येते पण पोटऱ्यांच्या बाहेरून जाते.

स्टॉपर पाहिला, नीट होता. चेन ओढली तर दात दिसले. चेन सेटचा खर्च किमतीतून वजा करून घेतला. टायर २०१७ चेच होते, तेही बदलले, स्पोर्ट-टूरिंग.

पहिला आठवडा जड गेला. खालून ओढत नाही, स्कूटरच्या सवयीने थ्रॉटल कमी द्यायचे आणि दोनदा बंद पडली. आता कळलंय की पहिल्या गिअरमध्ये तिला थोडं फिरवावं लागतं. मागच्या आठवड्यात पहाटे रस्ता कोरडा होता, सहा हजारांच्या पुढे आवाज बदलला तेव्हा हेल्मेटच्या आत मी मोठ्याने हसले.

चेनस्प्रॉकेटदादा, नव्या चेनची ढील किती ठेवायची? गॅरेजमधल्या मुलाने इतकी ताणली आहे की हाताने हलतच नाही, आणि म्हणाला, आवाज येणार नाही.

चेनस्प्रॉकेट

आज कामाला जायच्या आधीच सैल करून घ्या ताई. मागचं चाक खाली-वर होतं तेव्हा चेन आणखी ताणते. आधीच टाइट असेल तर गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टचं बेअरिंग मार खातं, ते उघडायला इंजिन फोडावं लागतं.

स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) स्टिकर असतो, त्यावर ढिलीचे मिलिमीटर लिहिलेत. नसेल तर मालकाच्या पुस्तकात आहेत. न्यूट्रल टाका आणि पुस्तकात सांगितलंय तशीच गाडी उभी करा. दोन स्प्रॉकेटच्या मधोमध खालच्या चेनला बोटाने खाली दाबा, मग वर ढकला, मधलं अंतर पट्टीने मोजा. चाक थोडं फिरवून तीन-चार ठिकाणी मोजा, जिथे सगळ्यात टाइट लागेल तो आकडा धरा. दोन्ही बाजूंच्या अ‍ॅडजस्टरच्या खुणा सारख्या ठेवा, नाहीतर चाक तिरकं बसेल. नवी चेन पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये थोडी लांबते, म्हणून पुढच्या रविवारी परत मोजा.